महास्वयमवर नोंदणी करून वर्ष झालं, एकही कॉल नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि खालचे रिप्लायही वाचले. भाऊ नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडचा, फिटर ट्रेडमधून आयटीआय झालेला, राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नोंदणी करून वर्ष होऊन गेलं पण एक फोन नाही, घरच्या संत्र्याच्या बागेत बाबांना मदत करून राहिला, आणि तिकडे पेपरात येते बेरोजगारी फक्त ३.२ टक्के. मग हे आकडे खोटे का, आणि युवा कार्य प्रशिक्षण, पीएम इंटर्नशिप, अप्रेंटिस यातलं नेमकं काय धरायचं, असं तुमचं विचारणं आहे. बरेच जण "सगळी सेटिंग आहे" म्हणून मोकळे झाले. मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसते ते सांगतो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी महास्वयमचं. हे म्हणजे आपलं जुनं सेवायोजन कार्यालय, आता ऑनलाइन झालेलं. जिल्ह्याचं ऑफिस अजून सिव्हिल लाईन्समध्ये आहे, नाव लंबंचौडं झालंय, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. आता लोकांचा गैरसमज असा की नोंदणी केली म्हणजे अर्ज केला. तसं नाही हो. १९५९ चा जो कायदा होता, रिक्त पदं कळवण्याचा, त्यात २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीवर बंधन कसलं होतं तर रिकाम्या जागेची माहिती सेवायोजनला कळवण्याचं आणि दर तिमाहीला ईआर-१ नावाचं रिटर्न भरायचं. बस. माणूस तिथूनच घ्या असं त्यात कुठेच नव्हतं, उलट त्याच कायद्यात लिहून ठेवलं होतं की फक्त कळवलं म्हणून तिथूनच भरती करायची सक्ती नाही. आम्ही ईआर-१ भरायचो तेव्हा किती पुरुष, किती बायका, किती जागा रिकाम्या, हे सगळं लिहून पाठवायचो आणि भरती मात्र व्हायची ओळखीतून, ठेकेदाराकडून नाहीतर गेटवर बायोडेटा घेऊन उभ्या पोरांतून. रिकाम्या जागांच्या कॉलममध्ये शून्य टाकून पाठवणारेही मी पाहिलेत. तेव्हा फोन आला नाही यात तुमच्या भावाचं काही चुकलं नाही. नोंदणी ठेवायची मात्र, कारण तो नंबर राज्याच्या योजनांत आणि रोजगार मेळाव्यात लागतो, आणि शिक्षण, पत्ता, मोबाईल अपडेट करत राहायचं. पण फोनची वाट पाहत बसायचं नाही.

आता आकड्यांचं. ३.२ टक्के हा आकडा पीएलएफएसचा आहे, म्हणजे केंद्राच्या सांख्यिकी खात्याचा श्रमबलाचा सर्व्हे, २०१७ पासून चालू आहे. २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांत नेहमीच्या स्थितीनुसार, म्हणजे मागच्या वर्षभराच्या हिशोबाने, ३.२. खोटा नाही, पण त्यात बेरोजगार कोणाला म्हणतात ते पाहा. वर्षात ३० दिवस जरी कामधंद्यात गेले तरी दुय्यम काम म्हणून माणूस रोजगारवाल्यांत जमा होते. आणि घरच्या शेतीत बिनपगारी मदत करणाराही त्यात रोजगारवालाच, त्याला घरच्या उद्योगातला मदतनीस म्हणतात, स्वयंरोजगाराच्या डब्यात टाकतात. त्याच वर्षी देशातल्या एकूण काम करणाऱ्यांत असे मदतनीस १९.४ टक्के होते, म्हणजे जवळपास दर पाचातला एक. तर तुमचा भाऊ आंबिया बहार तोडायला, पेट्या भरायला, मंडईत गाडी न्यायला बाबांसोबत राहिला ना, की सर्व्हेवाल्याच्या लेखी तो बेरोजगार नाहीच. महास्वयमच्या लेखी तो नोकरी शोधणारा आहे. आणि पीएफच्या लेखी तो जन्मालाच आला नाही, कारण त्याचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, नाही. एकच पोरगा, तीन सरकारी खात्यांत तीन तऱ्हा. म्हणून टीव्हीवर दोन पक्षांचे लोक दोन आकडे घेऊन भांडतात तेव्हा दोघंही बरोबर असू शकतात बरं का.

त्याच सर्व्हेत १५ ते २९ वयाचा आकडा १०.२ टक्के होता, तो कोणी मोठ्याने सांगत नाही. आणि मागच्या सात दिवसांत काय केलं असं विचारून काढला तर सगळ्यांचा ४.९ येते, त्यातही सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरतात. जानेवारी २०२५ पासून हा सर्व्हे दर महिन्याला येऊन राहिला, सात दिवसांच्या हिशोबाने, पहिलाच एप्रिल २०२५ चा आकडा ५.१ निघाला तर लोक म्हणाले बेरोजगारी एकदम वाढली. वाढली की नाही ते दोन वेगळ्या मापाचे आकडे शेजारी ठेवून कळतच नाही. आणखी एक, नागपूर जिल्ह्याची बेरोजगारी इतके टक्के असं व्हॉट्सअपवर फिरते त्यावर विश्वास ठेवू नका, २०२५ च्या आधी त्या सर्व्हेचं सॅम्पल जिल्ह्याच्या हिशोबाने काढलेलंच नव्हतं. पीएफचे आकडे २०१८ पासून महिन्याला येतात, "इतके लाख नवे रोजगार" म्हणून बातमी होते, पण ठेकेदाराने पाच वर्षं जुन्या हेल्परचा पीएफ या महिन्यात सुरू केला तरी तो नवा सदस्यच. काम जुनं, कागद नवा. कागद झाला हे चांगलंच, पण नोकरी वाढली असं नाही म्हणता येत.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की कोणती योजना धरायची ते ठरवतानाही हेच पाहायचं, कागदावर कंपनीवर नक्की काय बंधन आहे. नुसतं कळवायचं, की माणूस घ्यायचाच.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण, ज्याला लोक लाडका भाऊ म्हणतात, २०२४ मध्ये आली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० महिना, सहा महिने, नंतर पाच महिने वाढवले. पैसे थेट खात्यात येतात. ज्याला काहीच अनुभव नाही, घरी पैशाची अडचण आहे, त्याला ठीक आहे. पण बरीच पोरं सरकारी ऑफिसात, ग्रामपंचायतीत, शाळेत लागली आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनं करत बसली, योजनेत तर तसं वचन कधीच नव्हतं. फिटरच्या पोराला पंचायतीत टेबलावर बसवून कॉम्प्युटरवर एन्ट्री करायला लावलं तर त्याच्या हातातलं कसब जाते हो. कारखान्यातली जागा मिळाली तरच घ्या, हे माझं मत.

पीएम इंटर्नशिप ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, मोठ्या ५०० कंपन्या, वर्षभर ५,००० महिना आणि एकदा ६,०००. पायलटच्या, म्हणजे प्रायोगिक टप्प्याच्या, नियमांत वय २१ ते २४, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, घरात कायम सरकारी नोकर नको. यात एक मेख आहे जी पोरांना कोणी सांगत नाही, ज्याने आधी सरकारी अप्रेंटिसशिप पूर्ण केली तो त्या नियमांत बसत नाही. म्हणजे एकानंतर दुसरं करू असं डोक्यात असेल तर क्रम पाहून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर हिला सोडून दिलं असतं, ५,००० मध्ये पुण्यात राहायचं कुठे आणि खायचं काय.

आता अप्रेंटिस, माझं सगळं वजन इथे आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठेका कामगार धरून एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घ्या-न-घ्या असं नाही. आमच्याकडे वर्ष संपत आलं आणि आकडा भरला नसला की आम्हीच आयटीआयला फोन लावायचो, पोरं आहेत का म्हणून. कंपनी पोराला शोधून राहिली असं हे एकच ठिकाण मी पाहिलं. म्हणून त्याने अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर प्रोफाइल बनवावं, बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर इथल्या कंपन्या शोधून अर्ज टाकावे आणि नंतर स्वतः गेटवर जाऊन एचआरला भेटावं. काटोलहून कळमेश्वर तर वाटेतच आहे. ज्या आयटीआयमधून पास झाला तिथल्या प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना फोन करावा, कंपन्यांचे ते फोन त्यांनाच येतात.

नागपुरात अजून एक सोय आहे जी दुसऱ्या जिल्ह्यांना नाही. वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय इथे, मॉइल या मँगनीजच्या सरकारी कंपनीचं इथे, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि ती ज्या यंत्र इंडियाखाली येते तिचं मुख्यालयही इथेच, कोराडी-खापरखेड्याला महानिर्मितीची वीज केंद्रं, आणि रेल्वेचे दोन-दोन विभाग. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाची आणि मोतीबाग वर्कशॉपची अप्रेंटिसची जाहिरात येते त्यात लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांची सरासरी काढून यादी लागते. आणि रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना पुढे लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या, थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, परीक्षा द्यावीच लागते पण रांग छोटी होते. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे पोरं रेल्वेचे अप्रेंटिस सोडून मिहानमध्ये लोडिंगला जातात, जीव जळते माझा.

पैशाचं म्हणाल तर २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला किमान ७,००० महिना ठरले, जाहिरातीत जो आकडा असेल तो पाहा. खाजगी कंपनीत केंद्राच्या योजनेतून स्टायपेंडचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० सरकार देते आणि ते थेट पोराच्या खात्यात वेगळे येतात, म्हणून कंपनीने पैसे कापले असं वाटून लगेच भांडायला जाऊ नका, आधी खातं आधारशी जोडलं आहे का ते बँकेत पाहा. अप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकणारा असतो. त्यामुळे पीएफ नाही आणि वर्षानंतर घ्यायलाच हवं असंही कंपनीवर बंधन नाही. गंमत म्हणजे पीएलएफएसमध्ये मात्र हाच पोरगा नियमित पगारदारांत मोजला जाते, कारण पगारी अप्रेंटिस त्यांच्या त्या डब्यात येतात.

पीएफ नसण्याचा एक फायदा पण आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना सुरू झाली, ३१ जुलै २०२७ पर्यंत लागणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या, १ लाखाच्या आत पगार असलेल्या माणसाला १५,००० पर्यंत मिळतात, एक हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी, आणि मालकालाही त्या माणसापोटी महिन्याला ३,००० पर्यंत. अप्रेंटिसशिपमुळे हा "पहिल्यांदा"चा हक्क जात नाही. पण आधीच कोण्या ठेकेदाराकडे महिना-दोन महिने केलं असेल आणि त्याने १ ऑगस्ट २०२५ च्या आधी पीएफ खातं उघडलं असेल तर हा हक्क गेला. भावाला विचारा, पोरं घरी सांगत नाहीत.

स्वतःचं वर्कशॉप टाकायचं असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती आहे, जिल्हा उद्योग केंद्रातून, १५ ते ३५ टक्के अनुदान, पण बँक कर्ज देईल तेव्हाच. हाताला दोन वर्षं कारखान्याची सवय झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. आणि यातल्या कुठल्याच पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत, कोणी "अप्रेंटिस लावून देतो, पाच हजार टाका" म्हटलं की फोन ठेवायचा.

अप्रेंटिस म्हणून जॉइन झाल्यावर एकच काम नीट करायचं, अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट बनला का आणि त्याचा नंबर आला का ते पहिल्याच महिन्यात पाहायचं. काही ठिकाणी नुसतं "अप्रेंटिस" म्हणून राबवून घेतात आणि कॉन्ट्रॅक्ट चढवतच नाहीत, मग शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि वर्ष वाया.

दहावीचे आणि आयटीआयचे टक्के किती आहेत आणि पास कोणत्या साली झाला ते इथेच लिहा, मोतीबागच्या यादीत बसण्यासारखं आहे का ते पाहून सांगतो.