पहाटेचा फॅक्स आणि ३२ सेकंदांचा फोन

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची लहान फाउंड्री आहे. एक गिऱ्हाईक जपानमधलं आहे आणि ते ऑर्डर व कास्टिंगची ड्रॉइंग अजून फॅक्सनेच पाठवतं. गेल्या पावसाळ्यात तांब्याची लाइन गेली, फायबर आलं. त्यासोबत ४ पोर्टचा गेटवे, म्हणजे साधे फोन आणि फॅक्स इंटरनेटवर चालवणारा डबा, बसवला. पोर्ट १ ला फॅक्स मशीन, २ आणि ३ इंटरकॉमच्या डब्याला, ४ वॉचमनच्या केबिनला. बोलणं एकदम स्वच्छ येतं. दुपारी मुंबईच्या ऑफिसातून आलेले फॅक्सही नीट निघतात. पण जपानचा फॅक्स इथल्या पहाटे साडेपाच-सहाला येतो, त्याचं पहिलं पान पूर्ण निघतं आणि दुसरं येतच नाही. तिकडे मात्र 'एरर' असा रिपोर्ट निघतो. दुकानदार म्हणतो, गेटवे बदला. बदलू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बदलू नका. तुमचा गेटवे चांगला आहे. तुमच्या पत्रातल्या दोन ओळींतच दुखणं सापडतं : 'पहिलं पान पूर्ण निघतं' आणि 'पहाटे'.

फॅक्स म्हणजे एकतर्फी पाठवणी, असं आपण समजतो. मशीन तसं समजत नाही. पाठवणारं मशीन आणि घेणारं मशीन सगळा वेळ एकमेकांशी बोलत असतात. सुरुवातीला तुमचं मशीन २१०० हर्ट्झची लांब शिट्टी देतं, मग 'मला अमुक वेग जमतो, अमुक कागद चालतो' हे सांगतं. समोरचं मशीन दीड सेकंद चाचणीचा मजकूर पाठवून लाइन तपासतं. तुमचं मशीन 'ठीक आहे, पाठव' म्हणतं. मग पान येतं. पान संपलं की समोरचं विचारतं, 'मिळालं का?' आणि ३ सेकंद थांबतं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतं. असं तीनदा विचारून उत्तर मिळालं नाही की ते फोन ठेवून देतं आणि एररचा कागद छापतं.

तुमच्याकडे नेमकं तेच होतंय. पान येताना काही बिघडत नाही, म्हणजे बाहेरून आत येणारा रस्ता मोकळा आहे. तुमच्या मशीनचं 'मिळालं' हे तीन अक्षरांचं उत्तर बाहेर पोचत नाही. अडतंय ते आतून बाहेर जाताना.

हे उत्तर लिहिण्याआधी मी तुम्हाला फोन करून एकच गोष्ट विचारली होती : पहाटे ५ ला ऑफिसात काय चालू असतं? तुम्ही म्हणालात, काही नाही, सगळं बंद. मग थोडं थांबून म्हणालात, अकाउंट्सचा आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगचा बॅकअप ५ ला सुरू होतो, साडेसातपर्यंत चालतो. टोकियोत सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. त्यांचा माणूस खुर्चीवर बसून पहिलं काम म्हणून फॅक्स लावतो आणि नेमका त्याच वेळी तुमचा बॅकअप बाहेर जाणारी सगळी वाट अडवून बसलेला असतो. तुमच्या मशीनचं छोटंसं उत्तर त्या रांगेत मागे राहतं.

आता काय करायचं ते सांगतो. बॅकअप रात्री ११ ला लावा आणि त्याला वेगाची मर्यादा घाला. नुसत्या एवढ्यानेसुद्धा फॅक्स येऊ लागेल. पण उद्या कोणी दुसरं काहीतरी अपलोडला लावेल आणि पुन्हा तीच बोंब होईल, म्हणून राऊटरमध्ये गेटवेच्या पॅकेटना, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या त्याच्या मजकुराच्या तुकड्यांना, पहिला मान द्या. राऊटरमध्ये 'क्यूओएस' नावाचं पान असतं, तिथे गेटवेचा आयपी पत्ता सर्वांत वरच्या रांगेत ठेवा. गेटवेत 'डीएससीपी' (पॅकेटवर त्याचा मान लिहिणारा आकडा) असं घर असेल तर आवाजासाठी ४६ हा आकडा भरा. जागा कितीशी लागते? जी.७११ कोडेकचा (कोडेक म्हणजे आवाज पॅकेटमध्ये भरण्याची पद्धत) एक कॉल जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण ८७ केबीपीएस घेतो. चारही पोर्ट एकदम चालले तरी ३५० च्या आसपास. तुमच्या १०० एमबीपीएसच्या लाइनला हे काहीच नाही. प्रश्न रुंदीचा नव्हताच, रांगेत कोण पुढे याचा होता.

मग पोर्ट १ चं सेटिंग. बसवणाऱ्याने चारही पोर्टना एकच प्रोफाइल दिलं असणार, कारण बहुतेक जण तसंच करतात. फॅक्सच्या पोर्टला वेगळं प्रोफाइल हवंच. आवाजात २० मिलीसेकंदांचा तुकडा हरवला तर कानाला कळतही नाही, मेंदू तो भरून घेतो. फॅक्सच्या मॉडेमला मात्र तेवढाही तुकडा चालत नाही. म्हणून पोर्ट १ वर फक्त जी.७११ ए-लॉ ठेवा आणि जी.७२९ काढून टाका. जी.७२९ माणसाचा आवाज ८ केबीपीएसमध्ये दाबून बसवतं, फॅक्सची शिट्टी त्यात पार मोडून जाते. सायलेन्स सप्रेशन, म्हणजे शांतता असताना पॅकेट न पाठवणं, बंद. कॉल वेटिंग बंद, कारण मधेच वाजणारा तो 'टुंक' आवाज अख्खं पान घालवतो. जिटर बफर, म्हणजे मागेपुढे येणारी पॅकेट थोडा वेळ थांबवून एकसारखी सोडणारी जागा, 'अॅडाप्टिव्ह' (बदलती) असेल तर 'फिक्स्ड' (ठरलेली) करा.

फॅक्स मोड 'टी.३८' निवडा. यात गेटवे शिट्टीचा आवाज पुढे पाठवत नाही. ती स्वतः ऐकतो, तिच्यातला मजकूर काढतो आणि त्याचे पॅकेट करून पाठवतो. प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या पॅकेटची प्रतही जोडता येते, त्याला रिडंडन्सी म्हणतात. काही गेटवेत याची दोन घरं असतात : एक पानाच्या मजकुरासाठी आणि एक हळू वेगाने जाणाऱ्या या प्रश्नोत्तरांसाठी. दुसऱ्या घरात ३ भरा. तुमचं 'मिळालं' हे उत्तर तिथूनच जातं. मात्र पुरवठादाराच्या सर्व्हरलाही टी.३८ चालायला हवं. न चालल्यास गेटवेच्या लॉगमध्ये ४८८ हा आकडा दिसेल. तसं झालं तर टी.३८ चा हट्ट सोडा आणि जी.७११ वरच चालवा.

मशीनच्या स्वतःच्या मेनूत 'सुपर जी३' हा जलद फॅक्सचा मोड बंद करून वेग १४४०० वर आणा. तरी अडलं तर ९६००. पान मिनिटभर उशिरा आलं तरी चालेल, अर्धवट आलं तर चालणार नाही.

एका बाबतीत मात्र मी अनेक सहकाऱ्यांच्या विरुद्ध सल्ला देणार आहे. ते सांगतील, 'ईसीएम' म्हणजे चुका दुरुस्त करणारा मोड बंद करा, फॅक्स लगेच जाईल. जाईल हे खरं. साधं पत्र असेल तर मीही बंद करतो. पण तुमच्याकडे ड्रॉइंग येतात. साध्या दर्जाच्या फॅक्समध्ये एका मिलिमीटरला चारसुद्धा ओळी नसतात, ३.८५ असतात. ड्रॉइंगवरचा २ मिलिमीटर उंचीचा मापाचा आकडा म्हणजे जेमतेम सात-आठ ओळी. ईसीएम बंद असताना त्यातल्या दोन ओळी हरवल्या तरी मशीन 'ओके' म्हणतं, आणि ३ आहे की ८ हे तुमच्या पॅटर्नमेकरला डोळे फाडून बघावं लागतं. एका आकड्यावर अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला सगळा माल, रिजेक्ट होऊ शकते. ईसीएम चालूच ठेवा आणि गिऱ्हाइकाला 'फाइन' दर्जात पाठवायला सांगा. त्यात ओळी दुप्पट येतात.

सेटिंगला हात लावण्याआधी एक काम करा, हे कळकळीने सांगतो. गेटवेपासून फॅक्सपर्यंतची तार तपासा. काही वर्षांपूर्वी सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याकडे अशीच तक्रार होती. दोन दिवस मी एकेक सेटिंग बदलत होतो. तिसऱ्या दिवशी टेबलाखालची रोझेट, म्हणजे फोनची तार जोडायची डबी, उघडली. पांढऱ्या-निळ्या जोडीतल्या निळ्या तारेच्या टोकावर हिरवा थर चढला होता आणि स्क्रूखाली तांब्याचा फक्त एक केसासारखा धागा उरला होता. फोनवर बोलणं व्हायचं, किंचित खरखर यायची, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी टोक कापलं, तार नव्याने सोलली, स्क्रू आवळला. पुढचा फॅक्स एका दमात आला. तेव्हापासून माझा नेम आहे : आधी मल्टिमीटर. फोन खाली ठेवलेला असताना पोर्टवर ४८ व्होल्टच्या आसपास दाब दिसायला हवा. मशीनच्या टोकालाही जवळपास तेवढाच. त्याच तारेवर कोणी समांतर दुसरा फोन जोडला असेल तर तो काढा.

आणि यूपीएस. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळायची, म्हणून लाइट गेली तरी साधा फोन वाजायचा. आता फायबरचा डबा, राऊटर आणि गेटवे तिघांनाही तुमचीच वीज लागते. आग लागली, कोणी भाजलं, अशा वेळी वॉचमनच्या केबिनमधला फोन बंद पडता कामा नये. तिन्ही डबे एका यूपीएसवर घ्या आणि महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून केबिनमधून प्रत्यक्ष फोन लावून बघा.

प्रश्न : मडगावजवळ आमचं होमस्टे आहे. बुकिंगचे फोन गेटवेवर येतात. पाहुणा बोलायला लागतो आणि अर्ध्या मिनिटात फोन कटतो. दर वेळी तेवढ्याच वेळाने. आम्ही केलेले फोन कटत नाहीत. लोकांना वाटतं आम्हीच फोन आपटला.
– एक वाचक, गोवा

उत्तर : मोबाइलवर घड्याळ लावून मोजा, बरोबर ३२ सेकंद भरतील. हा आकडा दिसला की माझं निम्मं काम होतं.

फोन उचलला की तुमचा गेटवे पुरवठादाराच्या सर्व्हरला कळवतो, 'उचलला'. त्यावर सर्व्हरने 'समजलं' म्हणायचं असतं. हे 'समजलं' आलं नाही तर गेटवे पुन्हा पुन्हा 'उचलला' सांगत राहतो आणि ३२ सेकंदांनी कॉल तोडतो. नियमातच तेवढी मुदत आहे. ते 'समजलं' हरवतं कुठे? गेटवे आपला पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे घरातला, देतो. बाहेरच्या सर्व्हरला तो पत्ता सापडायचा कसा? वाड्याचं नाव न लिहिता नुसतं 'माजघर' लिहून पत्र टाकल्यासारखं आहे ते.

पहिल्यांदा राऊटरमधलं 'एसआयपी एएलजी', म्हणजे फोनच्या निरोपांमधले पत्ते बदलणारी सोय, बंद करा. मदत करण्यासाठीच ते ठेवलेलं असतं, पण पत्ते अर्धवट बदलून घोळ घालतं. निम्म्या तक्रारी माझ्या अनुभवात इथेच संपतात. मग गेटवेत 'एनएटी'च्या (घरातला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या) पानावर पुरवठादाराने दिलेला एसटीयूएन सर्व्हर भरा, तो गेटवेला त्याचा बाहेरचा पत्ता सांगतो; आणि 'कीप अलाइव्ह', म्हणजे वाट उघडी ठेवणारा निरोप, ३० सेकंदांवर ठेवा. एका बाजूचाच आवाज येण्याची तक्रारही बहुधा याच उपायाने जाते.

कोणीतरी तुम्हाला सांगेल, गेटवे सरळ डीएमझेडमध्ये, म्हणजे राऊटरच्या संरक्षणाबाहेर, टाका, नाहीतर ५०६० पोर्ट (फोनचे निरोप येतात तो राऊटरचा दरवाजा) सगळ्यांना उघडा, फोन सुरळीत होईल. कृपा करून तसं करू नका. उघडा ५०६० शोधत फिरणारी यंत्रं इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात. कंपनीचाच पासवर्ड राहिला असेल तर कोणीतरी रात्री तुमच्या नावावर परदेशातल्या महागड्या नंबरांना फोन लावतं आणि बिल तुमच्या हातात येतं. पासवर्ड आजच बदला, पुरवठादाराला लिहून आयएसडी बंद करून घ्या, आणि उघडायचंच असेल तर फक्त त्यांच्या सर्व्हरच्या पत्त्याला उघडा.

प्रश्न : मी कुवेतला असतो. आई खेडजवळ गावी एकटी असते. तिच्या नावावर लँडलाइन आहे. एक मित्र म्हणतो, एफएक्सओ पोर्टचा गेटवे गावच्या लाइनला लाव, म्हणजे तू इथून नेटवर येऊन गावच्या लाइनवरून भारतात कोणालाही लोकल दरात फोन करशील. आमच्या खोलीतले आठ जणही वापरतील, खर्च वाटून घेऊ. तो कसा कॉन्फिगर करायचा?
– एक वाचक, मूळ गाव रत्नागिरी जिल्हा

उत्तर : हे मी सांगणार नाही, आणि का ते नीट ऐका.

एफएक्सओ पोर्ट बाहेरची लाइन गेटवेत घेतो, एफएक्सएस पोर्ट फोनला किंवा फॅक्सला लाइन देतो. एफएक्सओ स्वतः काही वाईट नाही, ऑफिसच्या इंटरकॉममध्ये रोज लागतो. पण परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल परवान्याशिवाय इथल्या टेलिफोन जाळ्यात उतरवणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. परदेशातले कॉल परवानाधारक कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय गेटवेतूनच यावे लागतात. ते का, तर कॉल कुठून आला याची नोंद राहावी म्हणून. तुमच्या डब्यातून गेलेला प्रत्येक कॉल समोरच्याला खेडच्या नंबरवरून आलेला दिसेल, आणि आठ जणांतला कोण कोणाशी काय बोलला हे तुम्हालाही माहीत नसेल.

तुम्हाला आईचा आवाज ऐकायचा असेल तर तिला एक साधा स्मार्टफोन आणि घरात वायफाय द्या. अॅपवरून अॅपवर केलेल्या कॉलचा या गोष्टीशी संबंध नाही. शेजारच्या मुलाला सांगून पहिल्या पडद्यावर तुमचा एकच मोठा फोटो ठेवा, त्यावर बोट ठेवलं की फोन लागेल असा.

तो डबा विकत घेतला असेल तर गावी पाठवू नका. लाइन आईच्या नावावर आहे. उद्या चौकशी आली तर पोलीस कुवेतला येणार नाहीत, तिच्या ओटीवर येतील.