तातार आणि बाश्कीर लोकांच्या खेड्यांत तान्ह्या बाळाला पारंपरिक पद्धतीने कसं सांभाळतात? आपल्यासारखं काही असतं का? (फोटो असतील तर टाका)

असतं की, इतकं असतं की मला पहिल्यांदा बघताना आपण आजोळीच आलोय की काय असं वाटलं होतं, फक्त बाहेर उणे पंचवीस.

आधी मला कसं माहीत ते सांगते. मी उफाला सहा वर्षं मेडिकलला होते. उफा म्हणजे रशियातल्या बाश्कोर्तोस्तानची, म्हणजे बाश्कीर लोकांच्या प्रांताची राजधानी, आणि तिथे आणि कझानला, म्हणजे शेजारच्या तातारस्तानच्या राजधानीत, आपली बरीच मराठी पोरं असतात त्यामुळे त्यात फार कौतुक नको. हॉस्टेलच्या किचनमध्ये एका बाश्कीर मुलीशी ओळख झाली, फोडणीच्या वासाने आली आणि मग मैत्रीणच झाली, आणि चौथ्या वर्षी जानेवारीच्या सुट्टीत ती मला तिच्या गावी घेऊन गेली, बुर्ज्यान भागात, दक्षिण उरल डोंगरांत. तिच्या मोठ्या बहिणीला नुकतं बाळ झालेलं, तेवीस-चोवीस दिवसांचं. आठवडाभर राहिले. तातार घरांतलं थोडं नंतर कझानच्या मैत्रिणींकडून कळलं. दोघे शेजारी आहेत, दोघांची भाषा तुर्की कुळातली, धर्म मुस्लिम, २०१० च्या जनगणनेत रशियात तातार साधारण ५३ लाख आणि बाश्कीर १५.८ लाख. शब्दांत थोडा फरक आहे, बाळाला तातार बॅबी म्हणतात आणि बाश्कीर बॅपॅय, पण चालीरीती बऱ्याचशा एकच.

तर आम्ही घरात शिरलो आणि मी थेट पाळण्याकडे निघाले तर आजीने हात आडवा घातला. आजीला बाश्कीरमध्ये ओलॅसॅय म्हणतात. आधी कोट काढ, शेगडीपाशी बस, अंगातली थंडी जाऊ दे, चहा पी, मग बाळ. यात थंडीचं कारण आहेच पण एवढंच नाही. बाळाचे पहिले चाळीस दिवस कच्चे समजतात, चाळीसला त्यांच्यात किर्क म्हणतात, आणि किर्क भरेपर्यंत बाळाला परक्यांना दाखवत नाहीत, बाळाला एकटं सोडत नाहीत, आई अंधार पडल्यावर बाहेर फिरत नाही. मी ऐकून म्हटलं, सवा महिना! माझी आजी पण असंच उंबऱ्यात थांबवायची, पाय धुवून या म्हणायची. ओलॅसॅयने बाळाजवळ ठेवलेल्या वस्तू पण ओळखीच्या निघाल्या, बाळाच्या गादीखाली कात्री ठेवलेली, कारण लोखंडाला वाईट शक्ती भितात. आमच्याकडे विळा असतो असं मी सांगितल्यावर ती म्हणाली विळा मोठा होतो, बाळाच्या अंगाला लागेल, कात्री बरी. आता यावर काय बोलणार.

पूर्वीच्या पद्धतीत सगळ्यात महत्त्वाची बाई म्हणजे सुईण. तिला तातार केंदेक ॲबी म्हणतात आणि बाश्कीर केंदेक इनॅय. केंदेक म्हणजे बेंबी. म्हणजे शब्दशः बेंबीची आजी, जिने नाळ कापली ती. हे नातं बाळंतपणापुरतं नसतं, ती मुलाची जन्मभराची आजी होते, मुलाच्या सणासमारंभात तिला मान असतो, आणि तिला कापड, अंगातला सदरा, साबण असं काहीतरी द्यायची रीत. तिचं पहिलं काम नाळ, दुसरं काम वार. वार धुवून स्वच्छ कापडात गुंडाळून कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरायची, कुत्र्यामांजराने उकरली तर बाळाला त्रास होतो म्हणायचे. आपल्याकडे खेड्यात न्हाणीशेजारी वार पुरायचे ते ज्यांनी बघितलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता हे सगळं तसंच चालतं असं समजू नका हं. सोव्हिएत काळात बाळंतपणं दवाखान्यात गेली, खेड्यात सरकारी आरोग्य केंद्रं आणि तालुक्याला प्रसूतिगृह, त्याला रोद्दोम म्हणतात. ओलॅसॅयचा स्वतःचा जन्म घरी केंदेक इनॅयच्या हातचा, पण तिची सगळी मुलं रोद्दोममध्ये झाली, आणि तिथे नवऱ्याला आत सोडायचेच नाहीत, तो बिचारा बर्फात खिडकीखाली उभा राहून वर बघायचा आणि बायको काचेतून गाठोडं दाखवायची. नाळ डॉक्टरच कापतात, त्यामुळे केंदेक इनॅयचा मान घरातल्या एखाद्या जाणत्या म्हातारीला मिळतो आणि तिचं काम दवाखान्यातून घरी आल्यावर सुरू होतं. या घरात ते काम ओलॅसॅयचंच.

पहिला विधी म्हणजे बाळाच्या तोंडाला काहीतरी गोड लावणं. तातारमध्ये त्याला आविझलांदिरू म्हणतात, आविझ म्हणजे तोंड. लोणी आणि मध एकत्र करून पातळ फडक्यात बांधून बाळाला चोखायला द्यायचं, आईच्या दुधाच्या आधी. मधाचं बोटच म्हणा. आणि बुर्ज्यानमध्ये मध म्हणजे साधी गोष्ट नाही बरं का, तिथे अजून जंगलात उंच पाइनच्या खोडात ढोली कोरून रानटी मधमाश्या पाळतात, झाडावर घराण्याची खूण कोरलेली असते आणि ती झाडं बापाकडून मुलाकडे जातात. त्यामुळे बाळाच्या तोंडात पहिला थेंब आपल्या झाडाच्या मधाचा, हा अभिमान मला समजतो. पण डॉक्टर म्हणून इथे थांबून सांगते, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, कुठल्याही झाडाचा नको. मधात बॉट्युलिझमच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाचं आतडं ते थोपवू शकत नाही. हे मी तिथे मोडक्या रशियनमध्ये सांगितलं आणि बाळाच्या आईने मान डोलावून हळूच सांगितलं की तिने नुसतं लोणी ओठाला टेकवलं होतं, मध आजीनेच खाल्ला.

मुन्साबद्दल मात्र मला भरपूर बोलायचंय. मुन्सा म्हणजे लाकडी ओंडक्यांची न्हाणी, अंगणात वेगळी बांधलेली, तातार तिला मुंचा म्हणतात, रशियन लोकांची बान्या तीच. चूल, चुलीवर तापलेले दगड, त्यावर पाणी टाकलं की वाफ. बाळबाळंतिणीला तिथे न्यायची खास पद्धत आहे, बाळाच्या न्हाणीला तातार लोकांत बॅबी मुंचासीच म्हणतात. या घरात कसं, आधी घरातले पुरुष कडक वाफेत बसून आले, मग आम्ही बायका, आणि चूल विझून वाफ मऊ झाली तेव्हा शेवटी बाळ. ओलॅसॅय बाकावर पाय लांब करून बसली आणि बाळ पायांवर. अगदी आपल्यासारखी पायांवर! मी तर बघतच राहिले. बर्चच्या पानांची जुडी गरम पाण्यात भिजवून मऊ केलेली, त्या पानांनी बाळाच्या अंगाला नुसतं थोपटायचं, मग हातापायांना चोळायचं, डावा हात आणि उजवा पाय एकमेकांकडे आणायचे मग उजवा हात आणि डावा पाय, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, डोकं गोल व्हावं म्हणून हाताने दाबायचं (हे नको हो, टाळू असते तिथे, पण ती फार हलक्या हाताने करत होती). आणि सगळा वेळ पुटपुटणं चालू, मोठा हो, तुझ्या अंगाला बळ येऊ दे, झोप येऊ दे असं काय काय. पाठीवरची लव कणकेच्या गोळ्याने काढली तेव्हा मी हसायलाच लागले, कारण माझ्या मावशीने हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाने माझ्या भावाचं हेच केलं होतं. बाळ रडलं नाही, डोळे अर्धे मिटून पडून होतं. नंतर बाळंतिणीचं पोट चोळून दिलं आणि तिला वाफेत बसवलं. मग घरी येऊन दूध घातलेला चहा आणि तुकमास, म्हणजे हाताने कापलेल्या शेवयांचं मटणाचं सूप. शेजारणी पण रोज काहीतरी शिजवून आणतात, त्याला बॅपॅय आशी म्हणतात, बाळाचं जेवण, जे अर्थात आई खाते. डिंकाचे लाडू नव्हते तेवढीच कमी.

पाळणा छताला टांगलेला असतो. बाश्कीरमध्ये सँगेल्डॅक, किंवा बिशेक. जुना पाळणा म्हणजे लिंडनच्या झाडाच्या सालीचा किंवा लाकडी चौकटीचा, वर तुळईला लवचीक काठी अडकवलेली, ओढली की वरखाली झुलतो. आता काठीच्या जागी लोखंडी स्प्रिंग. बाळाला गुंडाळून ठेवतात, हात सरळ, पट्टी फिरवून घट्ट. पाय घट्ट बांधून सरळ ठेवले तर खुब्याचा सांधा निसटायची भीती असते म्हणून आता नर्सबाई सांगतात पायाकडे सैल ठेवा, आणि आया ऐकतात पण, आज्या रात्री परत आवळतात. अंगाईत आपलं जो जो तसं त्यांचं ॲल्ली-बॅल्ली.

पहिल्या सदऱ्याची गंमत ऐका. त्याला म्हणतात कुत्र्याचा सदरा, तातारमध्ये एत कुल्मॅगे. घरातल्या धडधाकट म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या, धुवून मऊ झालेल्या कपड्यातून शिवायचा, शिलाई उलटी बाहेरच्या बाजूला म्हणजे टोचत नाही, आणि चाळीस दिवसांनी तो काढून कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा की बाळावरचं सगळं वाईट कुत्र्याबरोबर पळून जातं. जुन्या धोतराची लंगोटी आणि झबलं आपल्याकडे पण, पण कुत्र्याची आयडिया आपल्याला नाही सुचली.

नाव ठेवायला मुल्ला येतो. बाळाला उशीवर ठेवून तोंड मक्केच्या दिशेला, उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत (नमाज सुरू होताना म्हणतात ती हाक), आणि मग तुझं नाव अमुक असो असं तीन वेळा. मी त्यांना बारशाची गोष्ट सांगितली, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या, आणि आत्या कानात कुर्रर्र करते आणि मग आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के, तर मैत्रिणीच्या बहिणीचा नवरा चहा सांडेपर्यंत हसला, म्हणाला मुल्लाला सांगू का. झारच्या काळात जन्माची नोंदवही पण मुल्लाकडेच असायची. सोव्हिएत काळात हे सगळं दबकून चालायचं, दारं लावून एखादा म्हातारा घरातच नाव सांगायचा आणि बाहेर सरकारी दाखल्यावर मरात किंवा रेम. रेम हे रशियन शब्दांच्या आद्याक्षरांवरून केलेलं क्रांतीचं नाव आहे, अशी नावं घेऊन फिरणारे काका अजून भेटतात.

पण जुनी नावं जास्त इंटरेस्टिंग आहेत. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे बाळ खिडकीतून बाहेर दुसऱ्या बाईच्या हातात द्यायचं, ती फिरून दाराने आत येणार, मी मूल विकायला आणलंय म्हणणार, आणि आईबाप पैसे देऊन आपलंच मूल विकत घेणार, की मृत्यूला वाटावं हे त्या घरचं नाहीच. आणि मग नाव काय ठेवणार? उल्मॅस, म्हणजे मरणार नाही. तुक्तार, म्हणजे थांबेल. तिमेर म्हणजे लोखंड, ताश म्हणजे दगड, तिमेरबुलात म्हणजे लोखंड अधिक पोलाद. मी म्हटलं आमच्याकडे दगडू, धोंडू, केरू, भिकू, आणि आम्ही पण मुलं सुपात घालून विकत घ्यायचो. ओलॅसॅयने विचारलं धोंडू म्हणजे काय, मी खिडकीबाहेरचा दगड दाखवला, ती म्हणाली ताश, आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. नंतर मैत्रिणीने सांगितलं की ओलॅसॅयची तीन भावंडं लहानपणीच गेली होती आणि राहिलेल्या भावाचं नाव ताशबुलात. ही नावं आता आडनावांत उरलीत, आणि मोठ्या माणसांत पण दिसतात, तातारस्तानचे पहिले अध्यक्ष मिंतिमेर शैमियेव्ह यांच्या नावातलं तिमेर हेच लोखंड.

दृष्टीचं फार सांगत नाही, तुम्हाला पाठच असेल. दृष्ट लागणं म्हणजे कुझ तियू, शब्दशः डोळा लागणं. कपाळाला काजळी, टोपीला कवड्या, गळ्यात किंवा पाळण्याला कुराणातल्या ओळी लिहिलेला ताईत, घरात आर्तिशची म्हणजे जुनिपरची धुरी. कवडीला ते कोर्टबाश म्हणतात आणि समुद्रापासून इतक्या लांब डोंगरात इतक्या कवड्या कशा याचं उत्तर व्यापारी. बाळाचं पहिलं जावळ त्यांच्यातही काढतात, आणि त्याला नाव काय माहितीये, कारिन सॅसे, म्हणजे पोटातले केस. आईच्या पोटातून आणलेले म्हणून. जावळ शब्दापेक्षा मला तो जास्त आवडतो, खरं सांगते.

मूल चालायला उशीर करत असेल तर बाश्कीर लोक पायात दोरा बांधून घोड्याची पायबंदी तोडावी तसा कात्रीने कापतात आणि मग बोट धरून चालवतात. हे मी बघितलं नाही, ते बाळ तेव्हा धड मान पण धरत नव्हतं.

फोटोचं विचारलंत. बाळाचा नाही, किर्क भरलं नव्हतं आणि ओलॅसॅयने मोबाईल खिशात ठेवायला लावला. बाळाला दूध पाजायला बाहेर घेतलं तेव्हा मी पटकन पाळण्याचा काढायला गेले आणि फ्रेम नीट यावी म्हणून पाळणा जरा सरळ केला, तर दोघी एकदम ओरडल्या, रिकामा पाळणा हलवू नये. मला माहीत होतं हो, आमच्याकडे पण हलवत नाहीत, विसरले. त्यामुळे फोटो आहे पण हललेला आहे, त्यात नुसती स्प्रिंग आणि ओलॅसॅयचा हात दिसतो, तो टाकून काय उपयोग.