बंद पडलेल्या कारखान्यांच्या भागात गुंतवणूक आणि मेट्रो-रस्ते आणले तर तो भाग खरंच सुधारतो का?

मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढलो म्हणून गिरणगावाचंच, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या भागाचंच सांगतो, तुम्ही विचारताय ते सगळं तिथे होऊन गेलंय. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत, आजोबा पण नाही.

पैसा मात्र धो धो आला हां. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं नि पब, बाकी टॉवर. घोळ झाला तो आधी काय नि नंतर काय यात. म्हणजे बघा, गिरणी कामगार राहायचा गिरणीपासून चालत दहा मिनिटांवर, भोंगा ऐकून घरातून निघायचा, त्यामुळे स्टेशनचे जिने, पूल, गल्ल्या सगळं त्या मानानेच. मग त्याच जागेवर ऑफिसं आली आणि तिथे कामाला येणारे विरार, कल्याण कुठून कुठून, सगळे सकाळी एकाच वेळी लोकलमधून उतरणार. पूल तोच!! २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावलं आणि चार-पाच महिन्यांत नवा पूल उभा. म्हणजे बांधता येत होता की.

डिलाईल रोडचा पूल २०१८ ला धोकादायक म्हणून बंद केला तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. मेट्रो ३ आता झालीये, सोय झाली हे मान्य, पण टॉवर उभे राहून किती वर्षं झाली त्याला.

जमिनीचं तर विचारूच नका. १९९१ च्या नियमात ढोबळ हिशोब असा होता की गिरणीची जागा डेव्हलप करायची तर एक तृतीयांश पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, बाकी मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती आली की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, शेडखालची जमीन धरायचीच नाही. आता गिरणीत मोकळी जागा असते ती किती, चार झाडं नि गेटजवळचं अंगण! २००६ मध्ये सुप्रीम कोर्टातही ती दुरुस्ती टिकली.

अगदीच काही मिळालं नाही असं नाही, आमच्या मजल्यावरच्या मावशी पूर्वी गिरणीवाल्यांची खानावळ चालवायच्या, त्यांची सून आता ऑफिसवाल्यांना डबे देते आणि बरं चाललंय तिचं.

तुमच्याकडे असा प्लॅन येत असेल तर स्टेशनचा पूल आणि ड्रेनेज टॉवरना ओसी (राहायला-वापरायला द्यायचा पालिकेचा दाखला) मिळायच्या आधी होणार की नंतर हे लेखी विचारा, आणि हरकती-सूचनांची नोटीस पेपरात कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात येते, तिची मुदत चुकवू नका.