वाचकांचे प्रश्न : पंप थांबला की पाणी कुठे जाईल?

प्रश्न : माझी १२० × ४५ × ५० सेंटिमीटरची काचेची टाकी आहे. सहा वर्षं तिच्यात गोड्या पाण्यातले मासे होते. आता ती खाऱ्या पाण्याची करायची आहे. क्लाउनफिशची एक जोडी आणि थोडे सॉफ्ट कोरल ठेवायचा विचार आहे. खालच्या कपाटात ७५ × ३५ × ४० सेंटिमीटरचा संप, म्हणजे पाणी फिरवण्याची खालची टाकी, मावतो. वरचं पाणी खाली उतरवायला काचेला भोक पाडायचं, तर मन धजत नाही. त्याऐवजी काठावर अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स चालेल का? आणि पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप केवढा घ्यावा?

उत्तर : टाकी रिकामी करणारच आहात, तर आताच भोक पाडून घ्या. एकदा वाळू, दगड आणि खारं पाणी भरलं की पुढची कित्येक वर्षं तुम्ही ते करणार नाही.

अडकवायचा बॉक्स चालतो, पण उलट्या यू नळीतल्या सायफनवर, म्हणजे भरलेल्या नळीतून पाणी आपोआप खाली ओढलं जातं त्यावर. त्या नळीच्या वरच्या वळणात बारीक बुडबुडे साचत राहतात. प्रवाह मंद असेल तर ते वाहून जात नाहीत आणि मग कधीतरी सायफन तुटतो. पाणी खाली येणं थांबतं, खालचा पंप मात्र वर ढकलतच राहतो. भोकातून उतरणाऱ्या पाण्याला सायफन धरून ठेवावा लागत नाही, ते गुरुत्वाकर्षणानं येतं. म्हणून माझा कौल भोकालाच.

आधी काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) नाही ना, ते पाहा. टेम्पर्ड काचेला ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. कॉम्प्युटरचा स्क्रीन पूर्ण पांढरा करून टाकीच्या एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूनं पोलराइज्ड गॉगल लावून काचेतून पाहा. काळपट किंवा रंगीत डाग, पट्टे दिसले तर ती काच सोडून द्या. प्रत्येक काच वेगळी तपासा. बऱ्याच तयार टाक्यांत तळ टेम्पर्ड असतो आणि बाजू साध्या असतात. तुमच्यासाठी मागच्या काचेचा वरचा भाग उत्तम.

बल्कहेड (भोकात बसवून पाइप जोडायचा गळतीबंद जोड) हातात आल्याशिवाय ड्रिलचं पातं घेऊ नका. पाइप एक इंची असला तरी बल्कहेडला लागणारं भोक बरंच मोठं असतं, आणि ते कंपनीगणिक बदलतं. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी लांब ठेवा. डायमंड होल सॉ, कमी वेग, सतत पाणी, आणि हाताचा दाब जवळजवळ नाहीच. शेवटचा एक मिलिमीटर उरला की मी हात आणखी हलका करतो. कपचा उडतो तो तिथेच. बल्कहेडचं रबर पाण्याच्या बाजूला, म्हणजे फ्लॅंजखाली (त्याच्या रुंद कडेखाली) येऊ द्या. नट हातानं घट्ट करून वर पाव फेरा, त्यापुढे पान्हा नको.

आता मुख्य गोष्ट. संपाचं सगळं गणित पंप चालू असतानाचं करून भागत नाही, तो बंद पडल्यावरचं करावं लागतं. पंप थांबला की टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत थोडं उतरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. लक्षात येत नाही ते हे, की रिटर्न पाइपही उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड हवेत येईपर्यंत टाकी खाली ओढत राहतो. तुमच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर. नोझल, म्हणजे रिटर्न पाइपचं टाकीतलं तोंड, १० सेंटिमीटर खोल ठेवलंत तर ५४ लिटर खाली येतील, शिवाय पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधले दोन-तीन. तुमच्या संपात एक सेंटिमीटर म्हणजे साधारण २.६ लिटर. चालू असताना पातळी २२ सेंटिमीटर धरली, तर काठापर्यंत फक्त ४७ लिटरची जागा उरते. बाकीचे दहा लिटर जमिनीवर. तेच नोझल ४ सेंटिमीटरवर ठेवलं तर २४-२५ लिटर येतात आणि संपात आरामात मावतात.

यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मीही माझ्या पहिल्या संपाला तो बसवला होता आणि नोझल खोल ठेवून निर्धास्त झालो होतो. दीड वर्ष काही झालं नाही. मग एका रात्री वीज गेली. पहाटे उठलो तर पायाखाली पाणी, वरच्या दगडावरचे झोअँथिड (कोरलसारखे जीव) उघडे पडून मिटलेले, आणि वीज परत आल्यावर पंप सुरू झालेला, पण रिटर्नच्या कप्प्यात पाणी पुरेसं नसल्यानं तो हवा ओढत घरघरत होता. व्हॉल्व्ह खोलून पाहिला. झडपेच्या कडेला शंखाची नखाएवढी कपची अडकली होती आणि भोवती खरखरीत चुनखडी थर चढला होता. तेवढ्या फटीतून रात्रभरात सगळं पाणी निघून गेलं. खाऱ्या पाण्यात हा थर चढतोच, म्हणून सुरक्षेचा एकमेव आधार म्हणून मी झडपेवर विसंबत नाही. नोझल पाण्याच्या वरच्या थरातच ठेवा आणि रिटर्न पाइपला पृष्ठभागाच्या जरा खाली पाच-सहा मिलिमीटरचं छिद्र पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते छिद्र दर पंधरा दिवसांनी जुन्या टूथब्रशनं साफ करावं लागतं. ते बुजलं तर तो उपाय नसल्यासारखाच.

उलट बाजूही तपासा. ओव्हरफ्लो गोगलगायीनं किंवा शेवाळानं तुंबला तर पंप किती पाणी वर नेईल? रिटर्नच्या कप्प्यात असेल तेवढंच. हा कप्पा २५ × ३५ सेंटिमीटरचा केलात आणि पंपानं त्यातलं १८ सेंटिमीटर पाणी ओढलं, तर ते सुमारे १६ लिटर होतं. वरच्या टाकीत पातळी ३ सेंटिमीटरनं चढेल. म्हणून पाण्याची रेघ काठाच्या ४ सेंटिमीटर खाली ठेवा. संप कितीही मोठा असो, हा कप्पा लहानच असावा, तो याच कारणानं. लहान असल्याचा एक त्रास मात्र आहे. संप लावल्यावर वरची पातळी हलत नाही, बाष्पीभवनाची सगळी घट याच कप्प्यात दिसते. दिवसाला चार लिटर उडाले तर इथे साडेचार सेंटिमीटर उतरतील. तेव्हा आपोआप पाणी भरणारं यंत्र घ्याच, पण त्याचा डबा १० लिटरच्या आसपासचा ठेवा. त्याचा फ्लोट अडकला तरी खारेपणा फार घसरणार नाही.

पाइप दोन लावा. पहिला पूर्ण भरून वाहणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह. दुसरा दोन-तीन सेंटिमीटर उंच, एरवी कोरडा, आणि त्यावर व्हॉल्व्ह अजिबात नको. शौकीन मंडळी याला हर्बी पद्धत म्हणतात. पहिला पाइप भरून वाहत असल्यानं त्यात हवा मिसळत नाही आणि खळखळ ऐकू येत नाही. बॉल व्हॉल्व्हनं हे जमवणं जिकिरीचं होतं, कारण तो थोडा फिरवला तरी प्रवाह फार बदलतो. पहिल्या पाइपचं खालचं तोंड संपाच्या पाण्यात दोनच सेंटिमीटर बुडवा, नाहीतर सुरुवातीला आतली हवा बाहेर पडत नाही.

पंपाचं थोडक्यात. संपातून तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं की पुरे, म्हणजे तुम्हाला ८०० ते १३०० लिटर. कोरलना लागणारा जोराचा प्रवाह टाकीतल्या वेव्हमेकरनं द्यायचा, पंपावर लादायचा नाही. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तीन मीटर कमाल उंचीचा, तासाला ३००० लिटरचा पंप दीड मीटरवर साधारण निम्मं पाणी देतो, आणि एल्बो (पाइपचे वळणाचे जोड) वाढले की आणखी कमी. घेताना उंची-प्रवाहाचा आलेख पाहून घ्या.

मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर सगळं चालवा. मग स्वतः वीज बंद करा, पाणी स्थिरावू द्या, संपावर त्या पातळीची खूण करा आणि पुन्हा चालू करा. हे पाच वेळा करा. दुसरा पाइपही पहिला बंद करून तपासा.

प्रश्न : जुनी वाळू आणि फिल्टरमधले जिवाणू खाऱ्या पाण्यात उपयोगी पडतील का? मध्यंतरी माशांना आजारासाठी तांब्याचं औषध दिलं होतं.

उत्तर : वाळू टाकून द्या. गोड्या पाण्यात रुळलेले जिवाणू एकदम ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारेपणात गेले की त्यांचं काम थंडावतं, त्यामुळे सायकल, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू टाकीत वाढवणं, नव्यानंच करावी लागते. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री दगड) घालून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा. अनेकदा त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात माशाचा जीव पणाला लावू नका, बाटलीतला अमोनिया वापरा.

तांब्याचं मी जास्त मनावर घेईन. मासे सोसतात तेवढं तांबं कोळंबी, गोगलगायी आणि कोरलना मारतं, आणि जुनी वाळू, दगड त्याला धरून ठेवून हळूहळू सोडत राहतात. काच धुऊन निघते, शंका सिलिकॉनची असते. टाकी खाऱ्या पाण्यानं भरून आठवडाभर फिरवा आणि तांब्याची चाचणी करा. आकडा शून्य आला तरी पहिले काही दिवस एखादी साधी गोगलगायच सोडा. ती काचेवर चढून फिरू लागली की कोळंबीचा विचार करा.

प्रश्न : खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतो, तरी मीठ कमी-जास्त येतं. असं का?

उत्तर : शून्यावर बरोबर असलेलं उपकरण ३५ वरही बरोबर असेलच असं नाही. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. थेंब काचेवर पसरून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे त्याचं तापमान उपकरणाइतकं होतं. आणि एक तपासा : रोज उडालेल्या पाण्याच्या जागी तुम्ही खारं पाणी तर घालत नाही ना? मीठ उडत नाही, पाणी उडतं. भरपाई साध्या आरओ पाण्यानंच करायची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.