नारळ उभा राहिला, पाणी लागलं

प्रश्न : आमच्या सोसायटीत नवं बोअर घ्यायचं चाललंय. सासरे म्हणतात, जागा पाणाड्यालाच विचारायची. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला, तिथे ओळखीतल्या सगळ्यांना पाणी लागलंय. मला पटत नाही, पण नेमकी चूकही सांगता येत नाही.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, सासऱ्यांचे दाखले खरेच असणार, त्यांवर वाद घालूच नका. त्यांना एवढंच विचारा : जिथे बोअर कोरडं गेलं, तिथे नारळ काय करतो?

वर्गात अनुमान शिकवताना मी हमखास 'न्यायप्रवेश' काढायचे. बौद्ध पंडित शंकरस्वामींचा तर्कशास्त्रावरचा छोटासाच ग्रंथ. ह्युएनत्संगाने ६४७ साली तो चिनी भाषेत नेला आणि मूळ संस्कृत १९३० साली आपल्या बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापलं गेलं. याचा मला फार अभिमान आहे. त्यात हेतूच्या, म्हणजे दिलेल्या कारणाच्या, तीन अटी आहेत : तो पक्षात (ज्याच्याबद्दल सिद्ध करायचं त्यात) हवा, सपक्षात (जिथे ती गोष्ट असतेच अशा उदाहरणांत) हवा आणि विपक्षात (जिथे ती नसते तिथे) मुळीच नको. 'शब्द (म्हणजे ध्वनी) अनित्य आहे, कारण तो निर्माण होतो; घटासारखा.' आकाश नित्य, ते निर्माण झालेलं नाही. म्हणून हेतू टिकला. पण कुणी म्हणालं, 'शब्द नित्य आहे, कारण तो जाणता येतो, आकाशासारखा', तर? जाणता घटही येतो, आणि घट फुटतो. दोन्हीकडे सापडणारा हेतू काहीच सिद्ध करत नाही.

सासऱ्यांकडे सपक्ष, म्हणजे पाणी लागलेल्या जागा, भरपूर आहेत; विपक्ष, म्हणजे कोरडी गेलेली जागा, एकही नाही. त्यातून आपलं शहर विश्वामित्रीच्या गाळाच्या मैदानावर वसलेलं. अशा जमिनीत कमीअधिक खोलीवर बऱ्याच ठिकाणी पाणी लागतं. डोळे मिटून बोट ठेवणाराही इथे पुष्कळदा खरा ठरेल. नारळाची परीक्षा अजून झालेलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती घेता येते. आसपास कोरडं गेलेलं, बुजवलेलं बोअर असेल तर पाणाड्याला काही न सांगता त्यावरून चालवा. सोबतचा माणूसही ती जागा माहीत नसलेलाच हवा, नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. सासऱ्यांना बरोबर घ्या, आधी त्यांच्याकडूनच वदवून घ्या की नारळ तिथे उभा राहायला नको.

आणि शेजारच्या सोसायट्यांकडून त्यांच्या बोअरची खोली किती, पाणी कितीवर लागलं आणि उन्हाळ्यात टिकतं का, हे मीटिंगच्या आधी लिहून आणा.