सोरायसिस नुकताच कळला असेल तर
भाऊ, पहिले हे डोक्यात पक्कं कर: सोरायसिस हा कातडीचा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही, आणि "रक्त खराब आहे" म्हणणाऱ्यांना हसून सोडून दे. यात आपली प्रतिकारशक्तीच चेकाळते. एरवी कातडीची पेशी तयार होऊन झडायला महिनाभर घेते; इथे तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून कोपर-गुडघ्यांवर चंदेरी पापुद्रे साचतात. खरवडू नकोस, ओरखड्याच्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

कल आनुवंशिक असतो, पण भडकायला निमित्त लागतं: घशाचा जंतुसंसर्ग, ताण, दारू, सिगारेट, बीपीच्या काही गोळ्या. नागपूरचा उन्हाळा उगाच शिव्या खातो. बऱ्याच जणांना जड जाते ती डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी. अंघोळ कोमट पाण्याने कर आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन चोळ.

स्टिरॉइडची सुई टोचून आठवड्यात "साफ" करून देणारे भेटतीलच. असर उतरला की अधिकच उसळतं. त्यापेक्षा नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखव. सकाळी बोटं आखडत असतील, नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील, तर तेही सांग. सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो, आणि त्यावर उपचार वेळीच सुरू करावे लागतात.