गाल उतरले, आता हायफू की धागे?

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार, मी परभणीची, वय 54, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दोन वर्षाखाली शुगर निघाली मग भात, गोडधोड बंद केलं, रोज चालायला लागले आणि 11 किलो वजन उतरलं. शुगर आली आटोक्यात पण तोंड पार सुकून गेलं हो, गाल लोंबायलेत, जबड्याची कडच राहिली नाही, जो भेटतो तो "बाई बिमार आहात का" विचारतो. आणि पोरीचं लग्न दीड महिन्यावर आलंय. संभाजीनगरला दोन ठिकाणी दाखवून आले, एक डॉक्टर म्हणायलेत हायफू (कातडी आवळायचं मशीन) करा 25 हजार, दुसरे म्हणायलेत हायफूनं काही होत नसतं कातडीखाली धागे टाकून घ्या 60 हजार, आणि इथली पार्लरवाली म्हणायली मॅडम आमच्याकडं पण मशीन आलंय 4 हजारात करून देते. ऑपरेशन मला करायचं नाही. तीन फोटो पाठवलेत, बघून सांगा.

उत्तर : ताई, 11 किलो उतरवून शुगर आटोक्यात आणली हे आधी मोठं काम केलंत, ते लोकांच्या बोलण्यानं वाया गेल्यासारखं वाटून घेऊ नका आणि गाल भरावेत म्हणून परत भात सुरू करू नका (असं करणाऱ्या बाया माझ्याकडं येतात म्हणून सांगतेय).

फोटो नीट बघितले. उशीतला कापूस कमी झाला की खोळ लोंबते, तसं झालंय तुमचं. खोळ सैल झालीय हे खरं, पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षात कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन, साधारण 30 टक्क्यांनी कमी होतं आणि वर स्कूटीवरचं आपल्याकडचं ऊन. पण मुख्य गेलाय तो कापूस, म्हणजे गालातली चरबी. आणि हसलेल्या फोटोत दोन्हीकडच्या वरच्या दाढा दिसत नाहीत, काढल्यात का? दाढ गेली की तिथलं हाड हळूहळू झिजतं आणि गालाचा आतला टेका जातो. याबद्दल दोन्ही ठिकाणी कुणी विचारलं नसणार, कारण ज्याच्याकडं जे मशीन असतं त्याला प्रत्येक चेहऱ्यावर तेच लागू पडताना दिसतं, आमच्या धंद्यातला रोगच आहे हा.

आता हायफू. हे खोळ आवळायचं मशीन. अल्ट्रासाऊंडच्या लहरी कातडीखाली 1.5, 3 नाहीतर 4.5 मिलिमीटरवर एका बिंदूत गोळा करतात, तिथं 60-70 डिग्री उष्णता होते, बारीक बारीक भाजल्याचे ठिपके पडतात आणि शरीर ते भरून काढताना नवीन कोलॅजन तयार करतं. त्याला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे तुमच्या लग्नात ते दिसणारच नाही. आणि वाळलेल्या गालावर खोलचे शॉट मारले तर उरलीसुरली चरबी पण वितळू शकते, मग गाल अजून आत. भरल्या चेहऱ्याच्या, थोडीशी हनुवटी सुटलेल्या पंचेचाळिशीच्या बाईला मी हायफू सांगते, तुम्हाला नाही सांगणार.

पार्लरमधी तर अजिबात नको. ओठ हलवणारी एक नस जबड्याच्या कडेवरून जाते, तिथं शॉट चुकला तर तोंड काही आठवडे वाकडं होऊ शकतं, आणि भाजलं तर आपल्या सावळ्या कातडीवर डाग महिनोन्महिने जात नाही.

धागे म्हणजे खोळीला टाका घालून वर ओढणं. लगेच दिसतं म्हणून लोक भुलतात. पण नेहमीचे पीडीओ धागे सहाएक महिन्यात विरघळतात, टाकल्यावर सूज, काळंनिळं, कधी गालाला खळगा पडल्यासारखं होतं, काही दिवस तोंड मोठं उघडून खाता येत नाही, आणि पातळ कातडीतून धागा जाणवतो. शुगरवाल्याला पू धरायची भीती वेगळीच. दीड महिन्यावर लग्न असताना ही जोखीम मी घेणार नाही.

मग राहिलं फिलर, म्हणजे सुईनं जेल टोचून कापूस भरणं. मला विचाराल तर तुमच्या चेहऱ्याला खरी गरज याचीच, गालाच्या वरच्या हाडावर थोडंसं, जास्त नाही, नाहीतर तोंड फुगल्यासारखं दिसतं. हायल्युरोनिक अॅसिडचंच घ्या, साधारण वर्षभर टिकतं आणि नाही आवडलं तर इंजेक्शननं विरघळवता येतं. ते विरघळवायचं इंजेक्शन क्लिनिकमधी हजर आहे का हे आधी विचारायचं, कारण क्वचित का होईना फिलर रक्तवाहिनीत जाऊन कातडी काळी पडते, दृष्टी गेल्याच्याही केसेस आहेत. म्हणून त्वचारोगात एमडी किंवा प्लास्टिक सर्जन, बाकी कुणाच्या हातून नाही. लग्नाआधी करायचंच असेल तर या आठवड्यात ठरवा, शेवटचे पंधरा दिवस चेहऱ्यावर कसलीच सुई नको.

पण त्याआधी दाताच्या डॉक्टरकडं जा. दाढा बसवल्यानं वय दहा वर्षं मागं जाणार नाही, गालाला टेका मात्र मिळतो, लग्नातलं जेवण पण नीट चावता येईल. तीन महिन्याची साखर तपासून घ्या. वजन आता आणखी उतरवू नका. स्कार्फ तर बांधताच, त्याच्या आत दोन बोटं भरून सनस्क्रीन लावा, शाळेत मधल्या सुट्टीत परत. लग्न झाल्यावर चार-सहा महिन्यांनी कातडी सैल वाटली तर आरएफच्या, म्हणजे रेडिओ लहरींनी कातडी गरम करणाऱ्या मशीनच्या, दोन-तीन बैठका करू, ती उष्णता हळू असते, पेसमेकर वगैरे नसला म्हणजे झालं.

आणि डॉक्टरकडं जाताना दहा वर्षाखालचा एखादा साधा फोटो सोबत न्या, तुमचा गाल मुळात कसा होता हे बघूनच भरायचं असतं. आधार कार्डावरचा नको, त्यात आपण सगळेच बिमार दिसतो.